लूम

गाडीच्या सगळ्या वायरी मिळून जो एक जुडगा होतो
त्याला जुन्या मॅन्युअलमध्ये लूम म्हटलंय.
अम्माला सांगितलं तेव्हा ती विडीची पानं कापत होती.
म्हणाली, "म्हणजे हितंपण लूमच?
तुझ्या नायनानं चाळीस वर्षं तेच केलं,
अन् तुला म्हणला, ते सोडून काहीबी कर."

गाडी डॉक्टर नीलव्वा बिराजदारांची.
एकोणसाठची अँबॅसडर, रंग कधीकाळी राखाडी.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चौघांनी ढकलत आणली,
एप्रिलात. पाना हातात धरायचा
तर आधी बादलीत बुडवावा लागत होता.

डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून बघितलं:
तांब्यावर रबर, रबरावर विणलेलं सूत.
सूत!
बोट लावलं तर रबराची भुकटी झाली,
सूत मात्र तसंच, पोकळ,
आतला हात काढून घेतलेल्या बाहीसारखं.
हेडलाइटमागं उंदरानं घर थाटलेलं,
त्यात तपकिरी धागे, हिरवे धागे
आणि चादरीची एक चिंधी, तिच्यावर अर्धा मोर.

तयार जुडगा मिळत नाही.
मुंबईवाल्यानं सांगितलेल्या किमतीत
आमच्या गल्लीत लग्न होतं, बँडसकट.
म्हणून जुनाच काढला, अख्खा, टोकाटोकाला चिठ्ठी बांधत,
प्लायवूडवर झोपवला, वळणावळणाला खिळे ठोकले
आणि खिळ्यांमधून नवी वायर ओढत गेलो.
तपकिरी बॅटरीतून थेट आलेली, कधी न झोपणारी.
पांढरी चावी फिरवल्याशिवाय उठत नाही.
हिरवी तिच्यामागून, फ्यूज ओलांडून.
निळीत लाल धागा म्हणजे खालचा झोत,
निळीत पांढरा म्हणजे वरचा.
काळी सगळ्यांची, शेवटी पत्र्याला मिळणारी.
नायना दारात येऊन उभा राहिला, बराच वेळ.
मग पुढं होऊन एक सैल वायर
अंगठ्यानं दाबून ताणली, खिळ्याला अडकवली.
बोलला काहीच नाही. पॉवरलूमनं त्याचे कान
मी शाळेत असतानाच नेले.

टेप या उन्हात टिकत नाही, गोंद वितळून हाताला येतो.
हजार विड्या पुऱ्या करून अम्मा संध्याकाळी बसली,
मेण लावलेला दोरा, चार बोटांवर एक गाठ.
"काय करलालास बे, घट्ट धर की," मलाच ओरडली.
तिच्या गाठी मोजायचं मी मध्येच सोडलं.

डिकीत एक वायर निघाली,
हिरवी, त्यात जांभळा धागा. ब्रेकच्या दिव्याची.
टोकाला दवाखान्याची चिकटपट्टी, व्यवस्थित, जखमेवर लावतात तशी.
डॉक्टरबाईंना फोन केला. हसल्या.
"तो दिवा विझायचाच नाही रे. रात्री बाळंतपणाला निघाले
की गल्लीभर लाल. बांधून टाकली.
मागच्यानं आपलं आपण बघावं."
पन्नास वर्षं ही बाई थांबत होती
आणि मागं कुणाला पत्ताच नव्हता.

चिकटपट्टी सोलली. टोक घासलं, डाख दिला,
ब्रेकचा स्विचही बदलला, कारण मूळ दुखणं तिथंच होतं.
रात्री साडेदहाला चावी फिरवली.
शेडमध्ये धूर नाही, वास नाही.
ब्रेकवर पाय ठेवून मी ओरडलो, "लागला का?"
आणि आठवलं, मागं नायना उभा आहे.

आरशात बघितलं.
त्याचा पांढरा बनियन लाल झालेला.
पाय उचलला, पांढरा. दाबला, लाल.
त्यानं हात वर केला, पंजा उघडा,
खटखटाटात एका मागावरून दुसऱ्या मागावरच्याला
सांगायचा तसा:
धागा लागलाय, चालू दे.

हॉर्न अजून वाजत नाही.
तो उद्या.